आखूड नळी

“लांब की आखूड?” गफूरभाईने विचारलं.

जीपच्या मागच्या फळीवर गोधडी अंथरून त्याने सगळं मांडलं होतं. भुलीच्या औषधाचा डार्ट मारायच्या दोन बंदुका, काडतुसावर चालणारी मोठी आणि गॅसवर चालणारी दुसरी, आणि त्या दुसरीला बसणाऱ्या दोन नळ्या. एक चांगली दोन हात लांब, एक जेमतेम हातभर. समोर सावरखिंडीचं मंदिर होतं. निळं लाकडी दार बंद, बाहेरून कडी घातलेली. आत बिबट्या होता आणि एक बाई होती. बाहेर सगळा गाव गप्प उभा होता, आणि त्या गप्पपणात आतून वीणा ऐकू येत होती. एका लयीत. टुंग, टुंग, टुंग.

“थांब, आधी बघून येतो,” मी म्हणालो.

“बघा. पण ही गॅसची टाकी रात्रभर जीपमध्ये गारठलीय. दाबाचा काटा वर सरकायला तयार नाही.” त्याने टाकी स्वेटरच्या आत कोंबली, काखेत धरली आणि शहारला. “या अल्ला! हिला छातीशी धरण्यापेक्षा बिबट्या परवडला.”

मी जनावरांचा डॉक्टर. तेव्हा वनखात्याच्या बचाव पथकात होतो. उसाची तोडणी सुरू झाली की आमची झोप उडायची, कारण उसातच जन्मलेल्या बिबट्यांना फड हेच घर; फड तुटला की ते गावात शिरणार. गफूर इनामदार आमचा वनरक्षक. बंदूक, पिंजरा, जाळी, सगळं त्याच्या ताब्यात. जीपमध्ये मी कीर्तनाच्या कॅसेटी लावायचो. माझे वडील मृदंग वाजवायचे, त्यामुळे घरात कीर्तनाचं वेड. ते माझ्यात उतरलं, हात मात्र उतरला नाही. गफूरभाई म्हणायचा, “डॉक्टर, तुमच्या पायी मला सगळे बुवा आवाजावरून ओळखू यायला लागले. वर गेल्यावर मला कुठल्या दाराने आत घेणार कोण जाणे.”

त्या सकाळी मी कॅसेट लावली नव्हती.

मंदिराच्या बाजूच्या भिंतीला गजांची खिडकी होती. तिथे फौजदार लोंढे आपली सरकारी रायफल गजांवर टेकवून उभे होते. खरी रायफल, खऱ्या गोळ्यांची. त्यांच्या मागे सप्ताहाचे प्रमुख, भागूजी तात्या. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला बुक्का, अंगावर घोंगडी. तात्यांना मी ओळखत होतो. ह्या गावच्या सप्ताहात दोन-तीनदा कीर्तन ऐकायला येऊन गेलो होतो आणि त्यांच्याच पंगतीला बसलो होतो. सज्जन माणूस. वाढताना शेवटच्या पानापर्यंत स्वतः जाणारा.

“काय झालं तात्या?”

“पहाटं कुत्रं शिरलं आत, त्याच्यामागं हे. आम्ही सातआठ जण टाळ घेऊन बसलेलो. कुत्रं मंचाला वळसा घालून पळालं भाईर. आम्ही बी पळालो.” तात्यांच्या ओठांना कोरड पडली होती. “हे मातर आतच ऱ्हायलं.”

“आणि बाई?”

“अनसूबाईचा पहारा होता. वीणा तिच्या गळ्यात. म्या हाका मारल्या, ये भाईर, ये भाईर. आली न्हाई. वीणा सोडंना.” मग थांबून म्हणाले, “म्हून दार लावलं. गावात पोरंबाळं हायेत.”

ज्यांना सप्ताह ठाऊक नाही त्यांना सांगतो. सात दिवस नामाचा गजर अखंड चालतो आणि सातही दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. कुणीतरी ती गळ्यात घालून उभं असतं, दिवसा, रात्री, पहाटे. आपला पहारा संपला की पुढच्याच्या गळ्यात घालायची. घेणारा देणाऱ्याच्या पायावर डोकं ठेवतो, देणारा घेणाऱ्याच्या. घेणारा आला नाही तर देणाऱ्याने उभं राहायचं. खाली ठेवायची नाही, एवढा एकच नियम.

“अनसूबाईच्या पुढचा पहारा कुणाचा?” मी विचारलं.

तात्या खिडकीकडे बघत म्हणाले, “माझा.”

मागून एक बाई फणकारली, “यंदाच्या वर्षी बायांना पहारा द्या म्हटलं तवा हेच तात्या काय म्हणालं व्हतं? दोन घटका उभ्या ऱ्हाल का, मधीच ठिवून घराकडं पळाल, चुलीवर दूध हाय म्हणून! आता बघा म्हणावं, कोण पळालं.”

“ए बये, गप,” कुणीतरी तिला दाबलं.

मी गजांना डोळा लावला.

आत ट्यूबलाइट जळत होती. दाराच्या जवळ, दक्षिणेच्या भिंतीला कीर्तनाचा मंच. मंच आणि भिंत यांच्यात जी सांद होती तिथे गुंडाळलेल्या सतरंज्यांवर बिबट्या बसला होता. चांगला भरलेला नर. मला त्याचं डोकं आणि एक खांदा दिसत होता, बाकी सगळा मंचामागे. कान सपाट पाडलेले. पश्चिमेच्या टोकाला गाभारा, म्हणजे उघडा चौथराच, त्याला दार नाही. तिथे खांबाला पाठ लावून अनसूबाई उभी. पन्नाशीची असेल, बारकी, हिरवं लुगडं, पदर कमरेला खोचलेला. गळ्यात वीणा. उजव्या हाताचं बोट तेवढं हलत होतं, आणि ओठ. राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी.

मी बघत असतानाच तिचं बोट अडखळलं. एक ठोका चुकला. तेवढ्यात त्या जनावराचे कान ताठ झाले, मान उंचावली आणि शेपटीचं टोक सतरंजीवर आपटलं. अनसूबाईने तार पुन्हा छेडली. टुंग, टुंग. मान हळूहळू खाली गेली.

“बघितलंत?” लोंढे पुटपुटले. “मघापासून हेच चाललंय. वीणा थांबली की ते उठतं. सुरू झाली की बसतं.”

सवय झाली होती त्याला त्या आवाजाची. अनोळखी जागी तेवढीच एक गोष्ट बदलत नव्हती.

“डॉक्टर, माझं स्पष्ट आहे,” लोंढे म्हणाले. “ते बाईच्या दिशेनं चार पावलं चाललं की मी गोळी घालणार. तुमचं जनावर नंतर, माझी बाई आधी.”

“मी तुमच्या जागी असतो तर तेच केलं असतं,” मी म्हणालो. “फक्त त्या चार पावलांच्या आधी घालू नका. गजांतून, मंचाआडून, एका गोळीत ते पडणार नाही. जखमी झालं तर पहिलं तिच्याकडेच जाईल.”

“माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला बोलावलं.”

मी जीपकडे परतलो. गफूरभाईने सगळं ओळखलं. “समोरच्या शाळेच्या गच्चीवरून खिडकीतलं दिसतं. मी बघून आलो. काडतुसाची बंदूक लावू, सरळ खांद्यात. आपण लांब, सुरक्षित. साहेब लोक खूश.”

“आवाज?”

“आवाज होणार. काडतूस आहे, फटाका वाजणारच.”

“तो फटाका वाजला की ते उठणार. डार्ट लागला तरी झोप यायला वेळ लागतो. तोवर ते चवताळून त्या खोलीत फिरणार, आणि खोलीत एकच माणूस आहे. शिवाय खांदा केवढा दिसतो, तळहाताएवढा. गज मध्ये.”

“मग गॅसची. आवाज फुस्स एवढाच. पण ह्या थंडीत गच्चीवरून गॅसची पोचायची नाही, डॉक्टर. टाकी गार, दाब कमी. लांब नळी लावली तरी अर्ध्या वाटेत मान टाकेल.”

आम्ही दोघेही त्या दोन नळ्यांकडे बघत राहिलो. लांबून मारायला जी बंदूक होती तिचा आवाज चालत नव्हता. जिचा आवाज चालत होता ती लांबून चालत नव्हती.

“जवळून कुठून दिसतं?” मी विचारलं.

दक्षिणेच्या भिंतीपलीकडे सप्ताहाची आचारीखोली होती. भिंतीत एक झापाची खिडकी, पंगतीच्या वेळी आमटीच्या बादल्या आणि परातीतल्या चपात्या आत सरकवायला. गफूरभाई ओणवा होऊन झापाच्या फटीतून बघून आला. कुजबुजत म्हणाला, “सातआठ हातांवर बूड आहे त्याचं. पाठमोरं. मांडी उघडी. पण भिंत जाड, आणि ते भिंतीलाच चिकटून बसलंय. नळी आत घालून वळवायला हवी. लांब नळी वळणारच नाही, समोर मंचाचा पाय आहे.”

“म्हणजे आखूड.”

“आखूड. पण आपला दाबाचा तक्ता लांब नळीचा आहे, डॉक्टर. ह्या आखूड नळीनं आपण कधी काही मारलंय? किती हातांवर किती दाब, कुणाला ठाऊक?”

त्याचं म्हणणं खरं होतं. गॅसच्या बंदुकीत सगळा खेळ ह्याचाच. नळी लांब असली की गॅस डार्टला शेवटपर्यंत ढकलत राहतो. आखूड असली की ढकलणं मध्येच संपतं. त्यामुळे तोच दाब ठेवला तर आखूड नळीतून डार्ट मवाळ निघतो. म्हणून दाब वाढवावा, तर अंतर सातआठ हात. एवढ्या जवळून जास्त दाबाचा डार्ट मांडीत शिरत नाही, मांडीचं हाड फोडतो. कमी पडला तर कातड्यावर आपटून खाली पडतो, औषध बाहेरच सांडतं, आणि आत बसलेल्याला कळतं की कुणीतरी आपल्याला मारतंय.

“आधी तिला सांगायला हवं,” मी म्हणालो. “सुई लागल्यावर ते उठलं तरी तिने पळायचं नाही, थांबायचं नाही.”

“कसं सांगणार? लोंढेसाहेब मघाशी नुसतं ‘घाबरू नका’ म्हणाले तर ते गुरगुरलं.”

मी खिडकीपाशी परत गेलो. नवा आवाज त्याला नको होता. जुन्या आवाजात नवे शब्द गेले तर? वडील सांगायचे, टाळकऱ्यांना काही सांगायचं झालं तर चाल न मोडता सांगावं. कीर्तन चालू असताना बुवा बघा कसे चालीतच म्हणतात, ‘पाणी द्या हो, माउली,’ आणि श्रोत्यांना पत्ताही लागत नाही.

मी तिच्या जपात जप मिसळला. अगदी हळू, तिच्याच सुरात, तिच्याच लयीत. राम कृष्ण हरी. राम कृष्ण हरी. जनावराचा एक कान माझ्याकडे वळला आणि तसाच राहिला. अनसूबाईने डोळे उघडले. मग मी चाल तीच ठेवून म्हणालो,

“अनसूकाकू ऐका, हरी… डॉक्टर आलाय, हरी…”

तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पुढच्या ठोक्याला तिने उत्तर दिलं, त्याच चालीत.

“ऐकतीया मी, हरी… बोट सुजलंय, हरी…”

लोंढ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू आम्हा दोघांपैकी वेडं कोण ते ठरवायचंय.

“सुई मारतो त्याला, हरी… उठेल, फिरेल, हरी… तुम्ही हलू नका, हरी… वीणा थांबवू नका, हरी…”

“किती वेळ, हरी?”

“एक अभंग होईल, हरी… सावकाशीचा, हरी…”

नुसती तार. मग तिचा आवाज आला, आणि ह्या वेळी सूर किंचित हलला.

“दाराची कडी काढाया सांगा, हरी…”

“आत्ता नाही, हरी… ते गावात शिरेल, हरी…”

“कडी काढाया सांगा, हरी…”

“झोपलं की काढतो, हरी…”

तिने मान खाली घातली आणि पुन्हा जप धरला. माझ्या मागे तात्यांनी घोंगडी घट्ट ओढली. “भ्यालीया ती,” ते म्हणाले. त्यांनाच थंडी भरली होती.

आचारीखोलीत चुली पेटवलेल्या तशाच होत्या. बाया कणीक मळता मळता पळाल्या होत्या. मोठ्या परातीत कणकेचा डोंगर, त्यावर कुणाच्या तरी बोटांचे ठसे. मी तो गोळा उचलून भिंतीशी रचला, वर ओलं बारदान गुंडाळलं. कणीक म्हणजे मांस, बारदान म्हणजे कातडं. गफूरभाईला हे सांगावं लागलं नाही. त्याने चुलीजवळ टाकी धरून ऊब दिली, आखूड नळी बसवली, डार्टमध्ये औषधाऐवजी पाणी भरलं. चावी फिरवून काटा त्याच्या अंदाजाने आणला.

“जपून. जितके बार काढाल तितकी टाकी गार होणार.”

खोलीचं दार लावून घेतलं आणि पलीकडे तार वाजली त्या ठोक्याला मी चाप ओढला. फुस्स. डार्ट बारदान फाडून कणकेत पार शेपटीपर्यंत गडप झाला. गफूरभाईने तो कोपरापर्यंत हात घालून उपसला.

“हाड गेलं असतं.”

चावी उलटी फिरवली. दुसरा बार. डार्ट बारदानावर टप्पदिशी आपटून खाली. पाणी जमिनीवर.

“आणि आता आपण गेलो असतो,” तो म्हणाला. त्याला हसू आलं नाही. त्याने टाकीला हात लावला. “डॉक्टर, बर्फ झालीय ही. आणखी एक पाणी मारलं तर खऱ्याला गॅस पुरेल असं मी नाही सांगू शकत.”

म्हणजे दोन चुका हातात होत्या आणि बरोबर ती त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, न तपासलेली. मी काटा मधोमध नाही ठेवला. किंचित खालच्या अंगाला ठेवला. नंतर विचार करता मला त्याचं कारण देता येतं. त्या क्षणी ते फक्त हाताला वाटलं.

गफूरभाईने टाकी पुन्हा चुलीशी, मग काखेत धरली. काटा थरथरत वर आला, हवा तिथे टेकला. औषधाचा डार्ट त्याने स्वतः नळीत सरकवला. सरकवताना ओठ हलले. माझेही हलत होते.

झाप इंचाइंचाने उघडला. ऊबदार, उग्र वास आला. ठिपक्यांची मांडी, श्वासागणिक हलणारी. नळी आत घातली, भिंतीला कोपर टेकवून वळवली. मंचाच्या पायाला तिचं टोक बोटभर अंतराने चुकलं. तिथून मला अनसूबाई दिसत नव्हती. फक्त ऐकू येत होती. राम, टुंग. कृष्ण, टुंग. हरी, टुंग. मी तीन आवर्तनं जाऊ दिली. चौथ्याला ‘हरी’वर तार पडली आणि तिच्याबरोबरच माझं बोट.

डार्ट मांडीत बसला. शेपटी बाहेर, सुई आत. जसा बसावा तसा.

ते ओरडून उठलं नाही. मांडीला माशी चावावी तसं दचकलं, वळून स्वतःच्याच पाठीकडे बघितलं. माझ्याकडे नाही. तो डंख कुठून आला ते त्याला कळलं नव्हतं. मग सतरंजीवरून उतरलं आणि मंचाला वळसा घालून माझ्या नजरेआड झालं.

मी झाप लोटला आणि खिडकीकडे धावलो.

ते आधी दाराकडे गेलं होतं. दाराच्या फटीला नाक लावून हुंगलं, पंज्याने एकदा फळी ओरबाडली. दार हललं, कडी खणखणली. बाहेरची गर्दी एकदम मागे सरली. अर्धा अभंग होईल एवढा वेळ ते तिथेच घुटमळलं; दार उघडत नाही म्हटल्यावर वळलं. आता समोर सरळ गाभारा, आणि खांब, आणि ती.

एक पाऊल. दुसरं.

लोंढ्यांनी गाल रायफलच्या दस्त्याला लावला.

“थांबा साहेब, हरी,” मी त्याच चालीत म्हणालो, कारण दुसरा कुठला आवाज काढायची माझी छाती नव्हती. “पाय बघा त्याचे, हरी… मागचे पाय, हरी…”

तिसरं पाऊल टाकताना त्याचा मागचा पाय किंचित घसरला. लोंढ्यांनी बघितलं. बोट चापावरच होतं. अनसूबाईने डोळे मिटले नाहीत. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तार वाजत होती, एकाही ठोक्याला न चुकता; मला एवढी वर्षं कीर्तनं ऐकून असा ठेका कुठे ऐकायला मिळालेला नाही. चौथं पाऊल पडलं.

“डॉक्टर,” लोंढे म्हणाले.

“हरी,” मी म्हणालो. तेवढंच आलं.

ते झोकांड्या खात आणखी पुढे गेलं आणि तिच्यापासून दोन हातांवर थांबलं. डोकं खाली घालून तिच्या पायांशी हुंगलं. तिच्या पायाची बोटं आत वळलेली मला खिडकीतून दिसली. मग त्याचे पुढचे पाय फाकले, हनुवटी फरशीवर टेकली, आणि मांजराने चुलीपाशी अंग टाकावं तसं ते तिथेच कलंडलं.

लोंढ्यांनी रायफल खाली घेतली आणि भिंतीला कपाळ टेकवलं. तार वाजतच होती. मी तिला सांगितलं होतं, थांबवू नका.

दार उघडून पहिले आम्ही दोघे गेलो. गफूरभाईने जनावराच्या डोळ्यांवर ओलं फडकं टाकलं, पाय बांधले. मी श्वास बघितला, डार्ट काढला, मग उठून तिच्यापुढे उभा राहिलो. तिचं बोट फाटलं होतं. तारेवर रक्त वाळलं होतं.

“काकू, झालं. थांबा आता. आणा ती इकडे.”

तिने माझ्या हातांकडे बघितलं. हातमोज्यांवर जनावराचं रक्त होतं. तिने मान हलवली.

“घेणारा येऊ द्या. तवर ऱ्हाती मी उभी.”

“गाव म्हणतंय, हाका मारल्या तरी तुम्ही वीणा सोडली नाहीत. धन्य आहे तुमची.”

ती तार छेडायची थांबली. पहाटेपासून पहिल्यांदा तिथे शांतता झाली. मग ती इतक्या हळू बोलली की फडकं पिळणाऱ्या गफूरभाईलासुद्धा ऐकू गेलं नसेल.

“वीणा कशाला सोडीन? घिऊनच निघाले व्हते की. दारापतुर आले. ह्यो पाय उंबऱ्यापाशी व्हता, डॉक्टर. आन् भाईरनं कडी पडली.”

मी उंबऱ्याकडे बघितलं.

“त्येंचं तोंड बघितलं म्या फटीतनं. त्येंनी माझं बघितलं.” तिने पदराने बोट गुंडाळलं. “तुमी कुठं बोलू नगा. सप्ताह चालू हाय.”

दारात माणसं जमली होती. पुढे यायला कुणाचा धीर होत नव्हता. त्यांच्यात तात्या होते. उंबऱ्याच्या बाहेर, घोंगडी गळून पडलेली. अनसूबाईने त्यांच्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, अगदी रोजच्या आवाजात म्हणाली,

“तात्या, पहारा तुमचा हाय न्हवं? या की.”

तात्या आले. त्या जनावराला वळसा घालून, फरशीकडे बघत. तिने वीणा गळ्यातून काढली. आधी घेणाऱ्याने वाकायचं असतं. बायांना पहारा नको म्हणताना तात्यांचं एक म्हणणं हेही होतं की मग गड्यांनी बाईच्या पायावर डोकं ठेवायचं का. ते वाकले. डोकं तिच्या पायांवर टेकवलं. आणि वर उठेनात. गर्दीतलं कुणीतरी ‘पुंडलिक वरदा’ म्हणायला लागलं, पण ते अर्ध्यावरच विरलं. गफूरभाई हातातलं फडकं तसंच धरून बघत राहिला.

“उठा तात्या,” अनसूबाई म्हणाली. “माझं हात दुखाया लागलं.”

ते उठले. तिने त्यांच्या गळ्यात वीणा घातली, स्वतः वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि पाणी प्यायला बाहेर गेली. तात्यांनी तार छेडली. आम्ही बिबट्याला झोळीत घालून पिंजऱ्यात नेलं तरी तात्या छेडत होते. नंतर कळलं, त्यांचा पहारा संपल्यावर पुढचा गडी आला, त्याला त्यांनी मान हलवून परत पाठवलं. त्याच्या पुढच्यालाही.

जीपमध्ये गफूरभाईने टाकी मागे टाकली आणि छाती चोळत म्हणाला, “आखूड बरोबर होती, डॉक्टर. जवळ गेलो म्हणून निभावलं.” मग पिंजऱ्याकडे एकदा वळून बघत, “ती काय म्हणाली हो तुम्हाला?”

“हात दुखतात म्हणाली,” मी सांगितलं.

अनसूबाई गेली, तात्याही गेले, म्हणून आज हे लिहितो. दोघं असताना गावात ह्यातलं अवाक्षर निघालं नाही, आणि माझ्याही तोंडून नाही.

त्या प्रसंगानंतरच्या वर्षी त्याच सप्ताहाला मी कीर्तन ऐकायला गेलो होतो. गफूरभाई म्हणाला, मीही येतो, बुवा चांगले आहेत. मंदिरात शिरताना माझा हात सवयीने दारावर गेला आणि थांबला. बाहेरच्या अंगाला कडी होती तिथे चार भोकं होती. बाकीचं दार उन्हापावसाने फिकं झालेलं. कडीच्या आकाराचा तेवढा पट्टा ताजा निळा.

आत येणाऱ्या गुरवाला मी विचारलं, “कडी कुठे गेली?”

“तात्यांनी काढली. सोताच्या हातानं, मागच्या काल्याच्या दिवशी. आमी म्हटलं, आवो, देवाचं दागिनं हायेत, दार लावाया कायतरी पायजे. तर म्हणालं, आतल्या अंगाला हाय की एक.”

गाभाऱ्यापुढे हिरव्या लुगड्यातली अनसूबाई वीणा घेऊन उभी होती. आणि उंबऱ्याशी, उघड्या दाराला पाठ लावून, भागूजी तात्या बसले होते. त्यांच्या पहाऱ्याला अजून अवकाश होता.